शटडाउनसारखी सहल

आमच्या घरात सहलीला ‘शटडाउन’ म्हणतात. हे नाव माझ्या मुलीनं ठेवलं, आणि ते कौतुकानं ठेवलेलं नाही.

मी तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत, एका रसायनांच्या कारखान्यात मेंटेनन्स बघतो. राहायला बोईसरला. वर्षातून एकदा आमचा प्लांट काही दिवस पूर्ण बंद ठेवतात, त्याला शटडाउन म्हणतात. चालत्या यंत्राला वर्षभर हात लावता येत नाही, म्हणून साठलेली सगळी कामं त्या दिवसांत उरकायची असतात. कोणता पंप आधी उघडायचा, क्रेन कुणाला कधी मिळणार, वेल्डर रिकामा बसू नये म्हणून काय करायचं, याची आखणी आम्ही काही महिने आधीपासून करतो. हे मला जमतं. आयुष्यात खऱ्या अर्थानं नीट जमलेलं हे एकच काम असावं.

मुलगी तिसरीत असताना आम्ही पहिल्यांदा घाटाच्या पायथ्याच्या त्या मोठ्या अम्युझमेंट पार्कला गेलो. त्याआधीची तिची बरीच वर्षं माझ्या हातून निसटली होती. शाळेच्या स्नेहसंमेलनाला इस्त्रीचा शर्ट घालून निघालो की फोन यायचा, कुठलातरी कॉम्प्रेसर बंद पडलेला असायचा, आणि मी त्याच शर्टात प्लांटवर जायचो. म्हणून या एका दिवसात सगळी भरपाई करायची, असं मी मनाशी पक्कं केलं होतं.

महिनाभर मी मोबाईलवर त्या पार्कचे व्हिडिओ बघितले. कोणत्या राइडला सकाळी रांग नसते, जेवायच्या वेळी कुठली बाजू ओस पडते, सगळं पाठ केलं. आम्ही नाइट शिफ्टच्या आधी दुपारी झोपून घेतो. तसं मी आदल्या दुपारी पडदे ओढून बायकोला आणि मुलीलाही झोपायला लावलं, कारण निघायचं पहाटे होतं. मुलगी डोळे मिटून पडून राहिली, पण तिला झोप काही आली नाही. पार्कमध्ये गेल्यावर कपड्यांची पिशवी बायकोच्या हातात देताना मी तिला चक्क हँडओव्हर दिला. आतापर्यंत काय झालं, काय राहिलं, पुढं कुणी कुठं उभं राहायचं. ती म्हणाली, “अहो, मी तुमच्या ‘बी’ शिफ्टमधली नाही.”

मुलीला डॅशिंग कार फार आवडली. दुसऱ्या गाडीवर जाऊन आपटताना ती अशी हसत होती की मी तिला तसं हसताना त्याआधी पाहिलं नव्हतं. उतरल्यावर म्हणाली, “परत.” मी म्हणालो, “परत नंतर.” तिनं रेलिंग धरून ठेवलं. मी तिचं मनगट धरून तिला पुढच्या राइडकडे नेलं. माझ्या आखणीत ‘परत’ कुठंच बसत नव्हतं. संध्याकाळी पार्कातली एकही राइड राहिली नव्हती. परतीच्या वाटेवर मी गाडी चालवत समाधानानं गाणी गुणगुणत होतो आणि मागं दोघी झोपल्या होत्या. आनंदानं दमल्यात, असं मला वाटलं.

त्याच उन्हाळ्यात माहीमला, म्हणजे केळव्याजवळच्या आमच्या गावी, भाच्याचं लग्न होतं. मांडव घालायचा दिवस. मी प्लास्टिकच्या खुर्च्यांची चळत घेऊन येत होतो. मांडवाच्या कडेला चटईवर मुली बसल्या होत्या. माझी एक भाची माझ्या मुलीला विचारत होती, “मंग, मजा आली काय गं तिकडं?”

“मजा पप्पांना आली,” माझी मुलगी म्हणाली. “आमी कामावर होतो.”

सगळ्या खिदळल्या. मग तिनं माझी नक्कल केली. कमरेवर हात ठेवून, मनगटावरच्या नसलेल्या घड्याळाकडं बघत: “चला चला! पाणी प्या, बाथरूमला जाऊन या, पुढची राइड! हसा, फोटो काढतोय! चला!” नक्कल हुबेहूब होती. खुर्च्या खाली ठेवून मीही सगळ्यांबरोबर हसलो. तिनं मला बघितलं आणि ती गप्प झाली. नंतर या विषयावर ती माझ्याशी बोलली नाही, आणि मलाही कधी विचारायचं धाडस झालं नाही.

पुढच्या काही वर्षांत ती माझ्याबरोबर बाहेर जाणं टाळू लागली. भांडण कसलंच नव्हतं. पालघरला जेवायला जायचं असो की केळव्याला समुद्रावर, “तुम्ही जा, माझा अभ्यास आहे,” एवढंच म्हणायची. आईबरोबर मात्र ती बाजारातही आनंदानं जायची.

या वर्षी तिची दहावी झाली. कॉलेजसाठी ती पुण्याला मावशीकडे राहणार असं ठरलं. बॅगा आणायचं बोलणं घरात सुरू झालं, तेव्हा माझ्या मनात एकच घोळू लागलं. ती जाईल ते जाईलच, पण तिला माझ्याबरोबर कुठं जावंसं वाटत नाही, हे तसंच घेऊन जाईल. नंतर ते कोण दुरुस्त करणार?

“तुम्ही विचारा ना तिला,” बायको भाजी चिरता चिरता म्हणाली.

“नाही म्हणाली तर?”

“तर नाही म्हणेल. तुमचा पंप सुरू झाला नाही तर रडत बसता का?”

मी तिच्या खोलीच्या दारात जाऊन उभा राहिलो. एकदा पार्कला जाऊ या का, विचारलं. तिनं मोबाईलवरून मान वर केली.

“तेच पार्क?”

“तेच. नाहीतर तू म्हणशील ते.”

“तेच चालेल. पण शटडाउन नको.”

“नको.”

“पप्पा, खरंच. आणि घड्याळ घरी ठेवायचं.”

“वेळ काय, मोबाईलमध्येही...”

“ओ!”

“बरं, बरं.”

“आणि आजीला पण घेऊ.”

मी शब्द पाळला, पण मनातून नाही. कॅन्टीनमध्ये बसून मी पुन्हा ते व्हिडिओ बघितले. आमचा एक ऑपरेटर बिहारचा आहे. तो विचारायला आला, “साहब, बच्चों को ले जा रहा हूँ, पहले कौन सा झूला पकड़ें?” चहा गार होईपर्यंत मी त्याला समजावत बसलो. टेबलावर बिस्किटं मांडून रस्ता दाखवला. त्यातला आनंद मी नाकारणार नाही. अशा सहलींचा ताण होतो की मजा येते, असं कुणी विचारलं तर मी सांगेन की आखणाऱ्याला मजाच येते, अगदी तिकीट काढायच्या आधीपासून. ज्यांच्यासाठी आखलं त्यांना काय वाटतं, हे वेगळं विचारावं लागतं. मी ते विचारलं नव्हतं.

मे महिन्यात आम्ही निघालो. माझ्या हिशेबानं उशिराच. चिल्हार फाट्यावरून हायवेला लागलो आणि घोडबंदरला ट्रॅफिकनं गाठलं. मी तक्रार न करता स्टिअरिंग घट्ट धरून बसलो. मागून मुलगी म्हणाली, “पप्पा, स्टिअरिंग मोडेल.”

गेटवर पिशव्या तपासत होते. माझी आई पदराखालची पिशवी काही केल्या सोडेना. रखवालदारानं ती उघडली आणि दोन पावलं मागं सरला. आत तांदळाच्या भाकऱ्या आणि सुक्या बोंबलाची चटणी होती.

“मावशी, बाहेरचं खाणं आत चालत नाही.”

“चालत नाय म्हंजे? मी काय पाच मिन्टासाठी आले? दिवसभर हाय मी इतं.”

“आत हॉटेल आहे.”

“तितं बोंबील भेटल?”

रखवालदारही हसला, पण पिशवी काही आत सोडेना. पहिल्या सहलीत असं झालंच नसतं, कारण नियम मी आधी वाचले होते. यावेळी ‘शटडाउन नको’ म्हटलं होतं म्हणून कुणाला काही सांगितलंच नाही. आता पिशवी टाकायची कुठं? आई म्हणाली, “टाकाची कशाला? खाऊन टाकू.” आम्ही पार्किंगमध्ये परत गेलो आणि गाडीची डिकी उघडून तिच्या आडोशाला उभ्या-उभ्या भाकऱ्या खाल्ल्या. गेटवरची रांग वाढताना मला दिसत होती. आई प्रत्येकाच्या हातावर चटणी वाढत होती. बोटं चाटत मुलगी म्हणाली, “आजी, त्या रखवालदाराला दे ना थोडी.” आणि ती खरंच देऊन आली.

आत गेल्यावर आई आणि बायको छोट्या आगगाडीकडे वळल्या. मुलीला सगळ्यात मोठ्या रोलर कोस्टरला जायचं होतं. मी बरोबर गेलो. उन्हात बराच वेळ रांगेत उभे राहिलो, आणि आमचा नंबर जवळ आला तेवढ्यात ती राइड बंद झाली. तांत्रिक तपासणी, असं माइकवर सांगितलं. लोक चिडले. कुणी शिट्ट्या मारल्या, कुणी पैसे परत मागितले. बाजूच्या जाळीतून मला निळ्या कपड्यातला एक माणूस दिसला. त्यानं पॅनेलवर लाल कुलूप लावलं, चावी खिशात टाकली आणि आत गेला.

“बघ, कुलूप लावलं,” मी नकळत म्हणालो.

“कसलं कुलूप?”

“तो आता मशीनमध्ये शिरणार. तो आत असताना कुणी चुकून स्विच दाबला तर? म्हणून जो आत जातो, त्यानं आपलं कुलूप लावायचं. चावी त्याच्याच खिशात.”

“आणि दोघं गेले तर?”

“दोन कुलपं. जेवढी माणसं तेवढी. शेवटचं निघेपर्यंत मशीन सुरू होत नाही. मालक आला तरी नाही.”

“मालक आला तरी?”

“तरी.”

ती जाळीला डोकं टेकवून बघत राहिली. मग म्हणाली, “तुमचं पण आहे?”

“आहे. बऱ्याचदा पहिलं माझं लागतं आणि शेवटचं माझंच निघतं.”

“म्हणून तुम्ही यायचे नाहीत.”

माझ्या तोंडावर ‘हो’ आलं होतं. ते किती सोपं होतं! तिनंच माझ्यासाठी सबब तयार करून दिली होती, आणि ती अर्धी खरीही होती. पण ती पुण्याला चालली होती.

“प्रत्येक वेळी नाही,” मी म्हणालो. “काही वेळा दुसरा कुणी थांबू शकला असता. मीच थांबायचो. तिथं काय करायचं ते मला कळतं. घरी कळत नाही. तुझ्या शाळेत जाऊन कुठं बसायचं, कुणाशी काय बोलायचं... मी फोनची वाटच बघायचो बहुतेक.”

ती जाळीतून पॅनेलकडे बघत होती. शेजारी एक बाई माइकवाल्याशी हुज्जत घालत होती. मला वाटलं, मी सगळा दिवस वाया घालवला.

“हं,” ती म्हणाली. “मला वाटायचंच.” मग माझ्याकडं वळून, “शाळेत कुणाशी काही बोलायचं नसतं, पप्पा. मी स्टेजवर कमळ होते. नुसतं बघायचं असतं.”

“बघायला हवं होतं.”

“फार वाईट कमळ होते मी.”

आम्ही दोघंही हसलो. रांग विरळ होत चालली होती. माझ्या डोक्यात आपोआप सुरू झालं: गर्दी आता दुसऱ्या टोकाला जाईल, म्हणजे पाण्याची बाजू मोकळी. मी म्हणालो, “दुसरीकडं जायचं असेल तर...”

“थांबू ना,” ती म्हणाली. “मला बघायचंय ते कुलूप कधी निघतं.”

आम्ही जाळीपाशी खाली बसलो. आतला माणूस बाहेर आला, दुसऱ्याला घेऊन आत गेला, पॅनेलवर दुसरं कुलूप लागलं. तिनं मला कारखान्याबद्दल विचारलं, जे इतक्या वर्षांत कधी विचारलं नव्हतं. घाण वास कशाचा येतो, भीती वाटते का, माझे मित्र कोण. मी सांगत गेलो. ती राइड त्या दिवशी सुरू झालीच नाही. ज्या रोलर कोस्टरसाठी आलो होतो, त्यात न बसताच आम्ही उठलो.

आई छोट्या आगगाडीतून उतरायला तयार नव्हती. कुणी उठवलं नाही म्हणून ती कितीदा फिरली, बायकोलाही सांगता येईना. नंतर पाण्यात गेलो, तर कोरडे कपडे कुणीच आणले नव्हते. ते काम पहिल्या सहलीत माझं होतं, आणि यावेळी मी आठवण केली नव्हती. परत येताना आई ओल्या लुगड्यात कुरकुरत होती, “नाव घेन नाय परत.” मग ती झोपली.

वसईच्या पुढं गाड्या पुन्हा रांगेत उभ्या राहिल्या. मुलगी पुढच्या सीटवर माझ्या शेजारी होती.

“पुढच्या वेळी जरा लवकर निघू,” ती म्हणाली. “आजीसाठी कोरडं लुगडं घ्यायचं. आणि खाणं आधी पार्किंगमध्येच, मग गेट. दुपारी काहीच ठेवायचं नाही, नुसतं बसायचं.”

‘पुढच्या वेळी’ हे शब्द तिचे होते, आणि त्यांना धक्का लावायची मला भीती वाटत होती.

मागून बायको म्हणाली, “झालं! घरात दुसरा साहेब तयार.”

“मी घड्याळ नाही बघणार गं,” मुलगी म्हणाली. “पण ठरवणार मीच. पप्पांनी पिशवी धरायची.”

ती आता पुण्यात असते. दिवाळीच्या सुट्टीचा बेत तिनं परवा फोनवर सांगितला. मी काय काय करायचं, असं विचारलं. ती म्हणाली, “काही नाही. रजा टाका, आणि या वेळी खरंच टाका.” मी टाकली. त्या दिवसांत प्लांटमध्ये काही बंद पडलं तर कुणाला फोन करायचा, तिथं मी दुसऱ्या सहकाऱ्याचं नाव देऊन ठेवलं आहे. तो चांगला मेकॅनिक आहे. त्याला माझ्याइतकंच येतं, हे मला बऱ्याच वर्षांपासून माहीत होतं.