गोड्या विहिरीत सोडलेलं पाणी

माझं माहेर अकोल्याच्या खारपाणपट्ट्यात. जमीन काळी, कसदार, पण तिच्या पोटातलं पाणी खारं. बोअरच्या पाण्यात डाळ शिजत नाही, साबणाला फेस येत नाही, आणि किडनीच्या दुखण्याचा माणूस प्रत्येक गल्लीत सापडतो. अशा गावात आमच्या शेतातली विहीर तेवढी गोड होती. ती नाल्याच्या काठाला आहे. पावसाचं पाणी वरच्या थरात मुरायचं, आणि खाली गेलं की खारं लागतं म्हणून आजोबांनी ती खोल खोदलीच नाही. अर्धं गाव तिथून पाणी भरायचं. बाबांनी कधी कोणाला अडवलं नाही.

त्या विहिरीवर माझ्यासोबत पाणी भरणारी माझी मैत्रीण. तिची आई लवकर गेली, त्यामुळे ती जेवायला बहुतेक आमच्याकडेच असायची. माझ्या बाबांना तीही बाबाच म्हणायची. पुढे मी अमरावतीला कॉलेजात रसायनशास्त्र शिकवू लागले आणि लग्न होऊन शेंदूरजनाघाटच्या एका संत्रा बागायतदाराच्या घरात गेले. तिचं लग्न गावातच झालं. ती धडाडीची होती. सरपंच झाली तेव्हा सगळ्यात जास्त आनंद आमच्या घरात झाला.

सरपंच झाल्यावर तिनं एकच ध्यास घेतला, गावाला गोड पाणी. बोअरचं पाणी शुद्ध करणारा प्लॅन्ट मंजूर झाला, पण रस्त्याला लागून जागा कोणी देईना. ती मला भेटायला थेट अमरावतीला आली.

"तू सांग ना वं बाबाले. तुह्या शब्दाबाहेर नाई जात ते."

मी तिला एकच विचारलं. असा प्लॅन्ट बारीक पडद्यातून दाबानं पाणी ढकलतो. थोडं गोड पाणी एकीकडे निघतं, आणि त्यातला सगळा क्षार उरलेल्या पाण्यात जाऊन बसतो. ते पाणी बोअरच्या पाण्यापेक्षाही खारं होतं. ते कुठं सोडणार?

"गायरानात खड्डा घेतला," ती म्हणाली. "खाली जाड प्लास्टिक टाकून राहिलो. तिथंच आटन ते."

मी बाबांना फोन केला. त्यांनी शेताचा रस्त्याकडचा तुकडा देऊन टाकला.

प्लॅन्ट सुरू झाला तो दिवस मला आठवतो. डायलिसिसला अकोल्याला जाणारी एक म्हातारी पहिला पेला प्यायली आणि म्हणाली, "असं पानी म्या फक्त तुमच्याच इहिरीवर पेलं होतं." मैत्रीण माझ्या गळ्यात पडून रडली. काही महिन्यांनी तिनं बाबांकडे रोज थंड पाण्याची कॅन पाठवायला सुरुवात केली. बाबा नको नको म्हणाले. "जागा तुमी देल्ली, अन् पानी तुमी इहिरीवरून आनता? मले बरं नाई वाटत," असं म्हणून तिनं त्यांना गप्प केलं. बाबांचे गुडघे दुखायचे, विहिरीपर्यंत जाणं जड व्हायचं. मी तिला फोन करून म्हटलं, "माझ्यापेक्षा तूच त्यांची लेक आहेस." ती नुसती हसली.

विहिरीचं पाणी मग फक्त झाडांना आणि गुरांना जाऊ लागलं. घरचं कोणी ते तोंडात घेत नव्हतं.

सासरहून मी बाबांना संत्र्याची दोन कलमं आणून दिली होती. आमच्या भागात संत्रा येत नाही, पण त्या विहिरीच्या जोरावर ती झाडं उभी राहिली होती. एका उन्हाळ्यात मी गेले तर पानांच्या कडा करपलेल्या, विस्तव दाखवल्यासारख्या. बाबा म्हणाले, ऊन जास्त आहे. बैलही हौदाला तोंड लावून मागं सरत होता. बाबा म्हणाले, म्हातारा झाला आता.

मी ओंजळ भरून पाणी तोंडात घेतलं आणि तिथंच थुंकून टाकलं.

क्षार मोजायचं पेनासारखं यंत्र माझ्या पिशवीत असतं. मी ते विहिरीच्या पाण्यात बुडवलं. मग प्लॅन्टच्या बोअरचं पाणी तपासलं. विहिरीचा आकडा बोअरच्याही वर होता. जमिनीतलं पाणी आपोआप खारं झालं असतं तर ते बोअरसारखं झालं असतं. त्याहून खारं पाणी गावात एकाच ठिकाणी तयार होत होतं.

नाल्याच्या बाजूनं बाभळीतून उतरले तेव्हा पाइप दिसला. काळा, मातीत पुरलेला. विहिरीच्या बांधकामातला एक दगड काढून आत घातलेला. त्यातून पाणी गळत होतं, आणि खालच्या दगडांवर पांढरा थर चढला होता.

प्लॅन्टवर कॅन भरायला आलेल्या शेजारच्या काकूला मी विचारलं. तिनं आधी तोटी बंद केली.

"तुमाले माईत नव्हतं का वं बाई? मले वाटलं, तुमीच परवानगी देल्ली."

रांगेतला एकेक जण कॅन उचलून निघून गेला. सगळ्यांना ठाऊक होतं. आमच्या विहिरीचं पाणी पिऊन मोठी झालेली माणसं रोज त्या पाइपावरून शेतात जात होती.

मी तिच्या घरी गेले. ती तांदूळ निवडत होती. माझा चेहरा बघून तिनं सूप बाजूला ठेवलं.

"पाइप पायला का तू?"

"कधीपासून?"

तिनं सांगितलं. गायरानातलं प्लास्टिक ढोरांनी पहिल्याच वर्षी फाडलं. खारं पाणी पाझरून खालच्या शेतात गेलं. शेतवाले काठ्या घेऊन आले, प्लॅन्ट बंद करा म्हणाले. "मंग म्या काय करू? लेकराइले पुन्हा तेच पानी पाजू? तुमची इहीर मोकळी होती."

"मोकळी? बाबा तिचं पाणी पीत होते!"

"म्हनून तर कॅन सुरू केली ना."

हे ती सहज बोलून गेली. माझी समजूत होती की ती कॅन मायेनं येते. मी तिचे आभार मानले होते. बाबांना चव कळू नये म्हणून ती रोज पाणी पाठवत होती.

"मला एक फोन करायचा होतास."

"तू हो म्हनली असती का?"

मी हो म्हटलं नसतं. तिलाही ते ठाऊक होतं, म्हणूनच तिनं विचारलं नव्हतं.

"तक्रार करतो म्हनशीन तं कर," ती म्हणाली. "सील लागन प्लॅन्टले. डायलिसिसवाल्या बुढीले तूच सांगजो मंग."

बाबांना सांगायला मला संध्याकाळ झाली. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. "तिनं? आपल्या पोरीनं?" एवढंच विचारलं. सकाळी घरातल्या रिकाम्या कॅन घेऊन, दुखऱ्या गुडघ्यांनी चालत, ते प्लॅन्टवर गेले आणि दाराशी ठेवून परत आले.

ग्रामसभेत मी तक्रार मांडली. एक जण म्हणाला, एका विहिरीसाठी अख्ख्या गावाचं पाणी तोडता का? तेव्हा बाबा उठले.

"प्लॅन्ट बंद करू नका. लेकरं पेतेत. माह्या इहिरीतून पाइप काढा फक्त. अन् मले इचारलं असतं तं बरं झालं असतं."

मैत्रिणीनं मान वर केली नाही. पाइप निघाला. पुढं गायरानात सिमेंटचं टाकं झालं, कुंपणासकट. मी गप्प बसणार नाही हे कळल्यावर त्यासाठी धावपळ तिनंच केली, हेही खरं.

विहीर आम्ही उपसली. पाऊस झाला की पुन्हा उपसली. खारटपणा कमी झाला, पण पाणी पिण्यासारखं काही झालं नाही. संत्र्याची झाडं वाळली. बाबांनी प्लॅन्टचं पाणी परत घेतलं नाही. मग मी घराच्या पत्र्यावरचं पावसाचं पाणी पन्हाळीनं खाली आणलं, मध्ये वाळू आणि कोळशाचा थर दिला आणि अंगणात टाकी बांधली. ते पाणी बाबा उकळून पितात.

मागच्या खेपेला बाबा म्हणाले, "तिच्या सुनेले पोरगी झाली म्हन्ते. जाऊन ये. लहानपनी तुह्या ताटात जेवली ते."

"जाते," मी म्हटलं.

दुपारच्या बसनं मी अमरावतीला परतले. तिच्याकडे गेले नाही.