धाकट्यासाठी जुळवलेली जोडी

दुकानात त्याला सगळे मध्यस्थ म्हणत, आणि खोटं कशाला सांगा, त्याला ते आवडायचं. दुकान वाद्यांचं होतं. पुढे काउंटर, भिंतीवर टांगलेल्या गिटारी, आणि मागे एक लांबट खोली. तिच्यात बेस गिटारचे ॲम्प्लिफायर आणि स्पीकरची कॅबिनेट, म्हणजे दुकानाच्या भाषेत खोकी, छतापर्यंत रचलेली. कुठल्या ॲम्पला कुठलं खोकं द्यायचं हे तो ठरवायचा, आणि बोलायचाही लग्न जुळवणाऱ्यासारखंच. "हा ॲम्प तापट आहे, याला सोसणारी जोडीदारीण बघू." एखादा हौशी गडी एकाच ॲम्पला दोन जड खोकी लावायला निघाला की याचा चेहरा कडू व्हायचा. खोकी वाढली की विजेचा अडथळा कमी होतो आणि ॲम्पला दुप्पट राबावं लागतं, हे तो फळ्यावर आकडे न मांडता सांगायचा. "एका कमावत्याच्या डोक्यावर दोन संसार कशाला घालताय? करपेल बिचारा."

त्याची एक शिस्त होती. गिऱ्हाईक कितीही मोठा वादक असो, त्याने आधी कोपऱ्यातल्या जुन्या जोडीवर वाजवून दाखवायचं. साधा कोरडा ॲम्प, दहा इंची चार स्पीकरांचं खोकं, आणि बारीक, वरचे सूर फेकणारा छोटा भोंगा पूर्ण उघडा. तिला तो आरसा म्हणायचा. त्या जोडीत काही म्हणजे काही लपत नसे. तार घासली, बोट उशिरा पडलं, सूर अर्धवट मेला, सगळं चव्हाट्यावर. वादक वाजवत असताना हा त्याच्याकडे पाठ करून स्टुलावर बसायचा, म्हणजे चेहरा आणि कपडे बघून मत बनायला नको. मोठमोठ्यांचा नक्षा तिथे उतरलेला त्याने ऐकला होता. आरशात ऐकलेलं तोंडावर सांगितल्याशिवाय कोणाला जोडी द्यायची नाही, हा त्याचा हट्ट मालकानेही मान्य केला होता.

तो हट्ट त्याने एकाच माणसासाठी मोडला, आणि तो माणूस म्हणजे त्याचा सख्खा धाकटा भाऊ.

धाकट्याला बेस यानेच शिकवला होता. वडील लवकर गेले, तेव्हा घरातल्या एका खोलीत हा दाखवायचा आणि तो वाजवायचा. पुढे शिष्य गुरूच्या पार पुढे गेला, आणि गुरूला त्याचा अभिमानच वाटला. मधली काही वर्षं मात्र धाकट्याची वाईट गेली. बायको सोडून गेली, कामं तुटली, आणि भरपूर वणवण झाल्यावर एका चांगल्या बँडमध्ये त्याला जागा मिळाली. माणूस पुन्हा दाढी करायला लागला, हसायला लागला.

त्याच सुमारास धाकटा सहज दुकानात आला आणि आरशावर वाजवायला बसला. मध्यस्थ सवयीने पाठ करून ऐकत होता. डाव्या हाताच्या शेवटच्या दोन बोटांनी दाबलेले सूर किंचित भणभणत होते आणि वेळेआधीच विझत होते. ही चूक सरावाची नव्हे, हाताची आहे, हे त्याच्या कानाने ओळखलं.

"कसं वाटलं, दादा?"

"ठीक," तो म्हणाला. "पण हे खोकं तुझ्या हाताला शोभत नाही. थांब."

आणि त्याने जोडी जुळवली. जुन्या धाटणीचा, काचेच्या व्हॉल्व्हचा ॲम्प, जो जोरकस आणि लेचापेचा सूर एकाच मापात बसवतो. त्याखाली पंधरा इंची स्पीकरचं जाडजूड खोकं, भोंगा पार बंद. भणभण जी काय असते ती वरच्या आवाजात असते. भोंगा मिटला की तीही मिटली. उरला तो गोल, गुबगुबीत नाद. धाकटा खूश झाला. "दादा, काय मऊ आवाज आहे रे. माझाच हात आहे ना हा?"

घरी मध्यस्थाची बायको म्हणाली, "भाऊजींच्या हातून आज कप निसटला. बरं आहे ना त्यांचं?"

"दमलाय," हा म्हणाला. "नवीन बँड आहे, रियाज फार चाललाय."

झाकली मूठ सव्वा लाखाची, असं त्याने मनाशी घोकलं. आता आपण शहाण्यांनी म्हणायला हरकत नाही, की मूठ झाकून ठेवली तर आत काय कुजतंय ते कळत नाही. पण तेव्हा त्याला एवढंच दिसत होतं की पोरगा नुकता कुठे उभा राहतोय. आत्ताच याला 'तुझं बोट चालत नाही' म्हणून सांगायचं? त्यापेक्षा थोडं थांबू. आणि थोडं थांबू म्हणता म्हणता धाकटा पुन्हा आला, म्हणाला, जरा पूर्वीसारखं वाजत नाही. तेव्हा यानेच आणखी एक मऊ खोकं खाली जोडून दिलं. अडथळ्याचा, म्हणजे ओहमचा, हिशोब बरोबर होता. बाकी सगळं चुकलं होतं.

वर्ष सरता सरता बँडच्या ड्रमवाल्याची कुरकुर सुरू झाली. बेस कळत नाही, नुसती गुरगुर ऐकू येते. धाकटा तणतणत दुकानात आला आणि गिऱ्हाइकांसमोर त्याने सगळं खापर मोठ्याच्या डोक्यावर फोडलं.

"तुझी जोडी चुकलीय, दादा. सगळ्या गावाची लग्नं लावतोस आणि भावाच्या गळ्यात धोंडा बांधलास. लोक म्हणतात, जागा जाणार माझी."

मध्यस्थाने ऐकून घेतलं. चुकली म्हणावं तर कशी चुकली ते सांगावं लागणार, आणि बरोबर आहे म्हणावं तरी तेच. "बघतो काहीतरी," एवढं पुटपुटून तो पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळला. एक बाई मुलीसाठी छोटा ॲम्प बघत होत्या. घरात शेजाऱ्यांना त्रास होणार नाही असा कुठला, त्या विचारत होत्या.

मागच्या खोलीतून आवाज आला. धाकट्याने स्वतःच आरशात वायर खुपसली होती.

सूर एकामागून एक बाहेर आले. पहिल्या दोन बोटांचे स्वच्छ, खणखणीत. पुढच्या दोन बोटांचे नुसते खरखरत होते, आणि काही तर उमटतच नव्हते. मग तीच जागा पुन्हा. पुन्हा. बाई काहीतरी विचारत होत्या आणि मध्यस्थ मान डोलवत होता. मग आवाज थांबला, आणि बाईंना तसंच सोडून तो मागे गेला.

धाकटा स्टुलावर बसून डावा पंजा उजेडात धरून बघत होता. अंगठा आणि तर्जनी यांच्यामधलं मांस खचलेलं होतं, तिथे खळगा पडला होता. इतके दिवस तो तिथे असणार.

"दादा," तो हळूच म्हणाला, "हे माझं आहे. खोक्याचं नाही."

डॉक्टरीण बाईंनी कोपरावर बोटाने ठोकलं, बोटं पसरायला लावली, कागद चिमटीत धरायला लावला. कागद अलगद निसटला. कोपरात नस दाबली गेलीय, त्या म्हणाल्या. ऑपरेशन करून मोकळी करू, म्हणजे आहे ते टिकेल. गेलेलं स्नायूंचं बळ कितपत परत येईल हे सांगता येत नाही.

"वर्षभर आधी आला असतात तर गोष्ट वेगळी होती," त्या म्हणाल्या. "तुम्ही तर वादक. वाजवताना काही जाणवलं नाही?"

"मुंग्या यायच्या. पण वाटायचं, सराव जास्त होतोय." धाकटा ओशाळला. "ऐकायला सगळं छान यायचं हो. उलट जास्तच छान."

मध्यस्थ शेजारच्या खुर्चीत बसला होता. त्याने जमिनीकडे पाहिलं. डॉक्टरांच्या टेबलाखाली सॅनिटायझरची रिकामी बाटली पडली होती, तिच्याकडे तो बघत राहिला. माणसाला अशा वेळी जागेवरच मरावंसं वाटतं, पण तशी सोय नसते.

बाहेरच्या बाकावर दोघं ऑपरेशनच्या तारखेसाठी थांबले. धाकटा शर्टाची बाही खाली ओढत होता.

"तुला कधी ऐकू आलं?" त्याने विचारलं. मान वर न करता.

मध्यस्थाला खोटं बोलता आलं असतं. त्याचा कान जगजाहीर होता, त्यामुळे ते खोटं टिकलं नसतं, एवढंच. पण तो खरं बोलला ते त्यासाठी नाही. आता आणखी झाकवत नव्हतं.

"तू नवीन बँडमध्ये लागलास तेव्हाच. पहिल्याच दिवशी." "म्हणून तो ॲम्प दिला. तुझा जीव रमला होता रे. मला सांगवेना."

मोठ्याला वाटलं, आता हा ओरडेल, आणि ओरडला तर बरं होईल.

"सांगितलं असतंस तर मी चिडलो असतो," धाकटा शेवटी म्हणाला. "चार-आठ दिवस तुझ्याशी बोललो नसतो. वहिनीकडे तुझी गाऱ्हाणी केली असती." त्याने बाही आणखी खाली ओढली. "आणि मग गेलो असतो डॉक्टरकडे."

धाकटा उजव्या बाहीचं बटण डाव्या हाताने लावायला बघत होता. बटण काजापर्यंत जायचं आणि घसरायचं. मोठ्याने नकळत हात पुढे केला. धाकट्याने मनगट मागे घेतलं, रागाने नाही, सावकाश.

"राहू दे, दादा," तो म्हणाला. "किती येतंय ते मला कळू दे."