लखीचंदशेठच्या झोपाळ्याचं तेल

धरणगावात सुतार पुष्कळ होते, पण लाकडाला तेल पाजावं ते उखर्डू मिस्तरीनेच, असं जळगावचे व्यापारीसुद्धा म्हणत. रोगणाला त्याने कधी हात लावला नाही. जवसाचं तेल उन्हात ठेवून मुरवायचं, कोमट करून फडक्याने चोळायचं, लाकूड पिईल तेवढं पिऊ द्यायचं आणि वर राहिलेलं लगेच पुसून टाकायचं. मग चार-पाच दिवस त्याला शिवायचं नाही. असे सहा हात दिले की सागाला आतून झळाळी येई.

तेल मात्र अभिमन तेल्याच्या घाण्याचंच. दोघं एका गल्लीत वाढलेले. उखर्डूची बायको गेली तेव्हा तेरा दिवस त्याचं ताट अभिमनच्या घरून आलं होतं. अशा माणसाचं तेल तपासून घ्यायचं त्याच्या मनातही आलं नाही.

एकोणीसशे अठ्ठावीस साली लखीचंदशेठनी लेकीच्या लग्नासाठी सागवानी झोपाळा सांगितला. शेवटचा हात दिला तेव्हा फळी बोटाला किंचित ओढत होती. थंडीमुळे असेल, असं म्हणून उखर्डूने तो पोचता केला.

वैशाखात लग्न लागलं. नवरी झोपाळ्यावरून उठली तेव्हा तिचा शालू फळीला चिकटला होता आणि जरीवर तपकिरी पट्टा उमटला होता. मांडवात कोणी मोठ्याने बोललं नाही, पण उखर्डूला मान वर करता येईना.

दुसऱ्या दिवशी तो माफी मागायला गेला. शेठाणी सायरबाई रागावल्या नाहीत, हेच त्याला जास्त लागलं.

"वय झालं की हात चुकतोच, मिस्तरी. तुमचे अभिमनभाऊच काल सांगत होते, हल्ली तुमचा हात थरथरतो म्हणून."

उखर्डू घरी आला. मागल्या वर्षीचं थोडं तेल बाटलीत होतं. त्याने काचेच्या एका तुकड्यावर ते फासलं, दुसऱ्यावर यंदाचं, आणि दोन्ही उन्हात ठेवले. आठवड्याने जुन्या तेलावर कडक साय धरली होती. यंदाचं तसंच ओलसर, बोटाला लागणारं. सरकीचं तेल असं वागतं, हे त्याला पुरतं ठाऊक होतं.

तो काच घेऊन घाण्यावर गेला. "अभिमन, तुन्हा तेलमा सरकी शे."

अभिमनने बैल थांबवला नाही. "शे. जवस बठ्ठा मुंबईले जास. मी काय करू?"

जवस मिळत नाही एवढं सांगितलं असतं तर आपण चाळीसगावहून आणला असता, असं उखर्डू म्हणाला. मग उखर्डूने विचारलं, सरकी घातली ती घातली, पण हात थरथरतो असं का सांगितलं? अभिमन घाण्यातली पेंड उकरत राहिला. तसाच वाकून म्हणाला, "मांडवमा लोक तेललेच दोष देवाले लागना व्हतात."

उखर्डूने ती फळी काचेने खरवडली, सोड्याच्या गरम पाण्याने धुतली आणि नवं तेल देऊन पुन्हा बसवली. तेल कुणाचं होतं, हे शेठनी विचारलं. "मी तपासून घेतलं नाही," एवढंच तो म्हणाला. त्यानंतर जवस तो स्वतः विकत घेई आणि एरंडोलच्या घाण्यावर डोळ्यांसमोर गाळून आणी.

चार वर्षांनी अभिमनची बायको ताईबाई दारात आली. नात झाली होती, पाळणा हवा होता. उखर्डूने पाळणा चांगला केला, पण तेल न पाजता कोराच पाठवला. तेल घरचं लावा, असा निरोप दिला. संध्याकाळी, तान्ह्या अंगाला टोचतील अशा त्या कोऱ्या लाकडाच्या कुसळांची आठवण येऊन त्याला चैन पडेना. तो दोनदा उठला, तेलाची बाटली घेऊन उंबऱ्यापर्यंत गेला, पण त्या घराकडे त्याचं पाऊल काही वळलं नाही.