रांगेच्या टोकाचा खांब

मिस्त्रींचा ओळंबा म्हणजे गावात शेवटचा शब्द. भिंत सरळ की कललेली यावरून दोघांत जुंपली की मिस्त्रींना बोलावणं जाई; ते ओळंब्याची दोरी सोडून, एक डोळा मिटून भिंतीकडे बघत आणि भांडण तिथंच मिटे. तिरकं काही दिसलं की त्यांना जेवण गोड लागत नसे. पाहुणे म्हणून गेले तरी भिंतीवरची तसबीर सरळ करून मगच टेकत. बायको म्हणे, आमच्या लग्नाच्या फोटोतही हे माझ्याकडे नाही, मागच्या खांबाकडे बघतायत.

अशा माणसाच्या थोरल्या लेकीनं सफरचंदाची बाग लावायला घेतली. बरीच वर्षं दुसऱ्यांच्या बागांत राबून ती हे काम शिकली होती. आता जमीन तिची स्वतःची होती. ती ठेंगणी झाडं लावणार होती. त्यांना फळ लवकर येतं, पण मुळं नाजूक, म्हणून झाड जन्मभर खांब आणि तारांच्या आधारानं उभं राहतं. खांब चुकले तर ऐन हंगामात रांगच्या रांग आडवी व्हायची. खांब निवडायला चला, असं लेक म्हणाली तेव्हा मिस्त्रींची कळी खुलली.

लाकडाच्या वखारीत त्यांनी सरळसोट, गुळगुळीत खांब भराभर बाजूला काढले. लेक मागून येऊन प्रत्येक खांब फिरवून बघे, चिरेत नख घाले, गाठीवर अंगठा दाबे, जमिनीवर आपटून आवाज ऐके. वडिलांचे निम्मे खांब तिनं परत ठेवले आणि रांगांच्या टोकांसाठी जाडजूड, जरा बेढब असे निवडले. मिस्त्रींनी नाक मुरडलं.

"तारेचा सगळा ओढा टोकाच्या खांबावर येतो, बाबा," ती म्हणाली. "तिथं देखणेपणा काय कामाचा?"

रोपांशेजारी रोवायच्या बांबूच्या काठ्यांचीही तीच गत. मिस्त्रींनी लांब पेरांच्या सुबक काठ्या उचलल्या, तिनं जवळजवळ पेरांच्या, भरीव काठ्या घेतल्या. परतताना मिस्त्री सगळा वेळ गाडीच्या खिडकीबाहेर बघत होते.

खरा कहर पुढेच होता. लेकीनं टोकाचे खांब रांगेपासून बाहेरच्या अंगाला तिरके रोवले. तिनं कारण सांगितलं, मिस्त्रींनी मान डोलावली, पण डोक्यात काही शिरलं नाही. बाग रस्त्याला लागून. सगळं गाव येताजाता बघणार आणि म्हणणार, मिस्त्रींच्या लेकीचे खांब वाकडे. आयुष्यभर कमावलेलं नाव धुळीला मिळणार. लेक रोपं आणायला गेल्याचं बघून त्यांनी रस्त्याकडचा पहिला खांब उकरला, ओळंबा लावून ताठ उभा केला आणि माती चोपून घट्ट बसवली. काम इतकं झकास झालं की ते लांब जाऊन बघत राहिले.

लेक परतली. तिच्या कपाळाला आठ्या पडल्या. तिनं खांबाला तार बांधली, वडिलांना म्हणाली, खांबावर हात ठेवा, आणि पान्यानं तार ताणायला लागली. तार ताणत गेली तसा तो ताठ खांब मिस्त्रींच्या तळहाताखाली रांगेकडे झुकू लागला. बुडाची माती फाटली आणि तार ढिली पडली. शेजारच्या रांगेत तिनं तार आधीच ताणली होती; तिथला तिरका खांब मात्र तेवढाच ताण सोसून जागचा हलला नव्हता. आणि अजून बागेत एक फळसुद्धा लागलं नव्हतं.

मिस्त्री खजील झाले. पण खरं सांगायचं तर, खजील व्हायला त्यांना फार वेळ मिळालाच नाही. हे आपण हिला शिकवलं नाही, आणि तरी हिला येतं, एवढंच त्यांच्या मनात घोळायला लागलं. ऊर भरून आला. त्यांनी कुदळ उचलली.

मिस्त्री तो खांब पुन्हा कलता करत होते तेवढ्यात रस्त्यानं एक म्हातारा गवंडी चालला होता. जन्मभर दोघांची चढाओढ. तो थांबला, खांबांवरून नजर फिरवली आणि चार माणसांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, "काय मिस्त्री, डोळे गेले का तुझे? कुणी रोवले हे वाकडे खांब?"

मिस्त्रींनी कंबर सरळ केली.

"आमच्या थोरलीनं," ते म्हणाले. "आणि ते असेच लागतात. इथं मिस्त्री ती आहे, मी बिगारी."

मग लेकीकडे वळून त्यांनी विचारलं, "अजून किती तिरका घेऊ, ते सांग."