शिंपीकाकांचा सायलेन्सर

आमच्या गल्लीतले शिंपीकाका गिऱ्हाइकाला पाच मिनिटांत कापड पसंत करायला लावतात. स्वतःच्या क्रूझर बाइकला नवा सायलेन्सर निवडायला मात्र त्यांनी माझ्या गॅरेजात तीन दिवस घातले. जुन्याला गंजून भोक पडलं होतं. काकांनी गळ्यातली टेप काढून प्रत्येक नळी मापली, प्रत्येकीला कान लावला. "हा खोकतो. हा उगाच गुरगुरतो."

माझं डोकंच फिरलं. "काका, सायलेन्सर घेताय की जावई शोधताय?"

शेवटी एक लांब, चकचकीत नग पसंत पडला. आवाज असा खर्जातला, की मलाच हेवा वाटला. काका ऐटीत घरी गेले.

दुसऱ्या दिवशी मी शटर उघडतोय, तर काका दारात. "जुना परत बसव."

"का? काकूंना आवडला नाही?"

"तिला कळलाच नाही. बारा वर्षं चौकात माझी फटफट ऐकू आली की ती चहा टाकते. मी दारात पोचेस्तोवर उकळी येते. काल बेल वाजवली, तर आतूनच म्हणाली, 'हे अजून आले नाहीत, थोड्या वेळानं या.'"

मी जुना सायलेन्सर बसवला. भोक बुजवायला वेल्डिंगची कांडी हातात घेतली आणि तशीच परत ठेवून दिली.