डाव्या खांद्यावर दोनदा

या सदरातले अनुभव मी वर्षानुवर्षं वाचत आलेय — आणि खरं सांगायचं तर हसण्यासाठी. पांढऱ्या साडीतली बाई, वळणावर लिफ्ट मागणारा माणूस... नवऱ्याला मोठ्याने वाचून दाखवायचं आणि दोघांनी मिळून टर उडवायची, हा आमचा रविवारचा कार्यक्रम. मी बदलापूरला शाळेत जीवशास्त्र शिकवते. भुताखेतांचं आणि माझं कधी जमलंच नाही. आज मीच लिहायला बसलेय म्हटल्यावर नवरा पलीकडे गालातल्या गालात हसतोय. हसू दे.

माझं बालपण कर्जतचं. आमच्या शाळेत विज्ञानाला एक सर होते. नाव लिहीत नाही, गावातल्या जुन्या लोकांना लगेच कळेल. पक्ष्यांचं भयंकर वेड! थंडी सुरू झाली की दर रविवारी सकाळी आम्हा पाच-सहा पोरांना घेऊन पळसदरीच्या धरणामागच्या ओढ्यावर जायचे. शेवटचं घर मागे पडलं की बोलणं बंद. एकामागे एक अशी रांग, आणि सर सगळ्यात शेवटी. "मी पुढे चाललो तर तुम्ही माझी पाठ बघत बसाल," म्हणायचे. पण मागून चालूनही पक्षी सगळ्यात आधी दिसायचा तो त्यांनाच. मग ते पुढच्या पोराच्या खांद्यावर दोन बोटांनी टकटक करायचे. डाव्या खांद्यावर म्हणजे डावीकडे बघ, उजव्या म्हणजे उजवीकडे. एकदा केलं तर खाली झुडपात, दोनदा केलं तर वर झाडावर. ज्याला टकटक मिळाली त्याने मागे अजिबात वळायचं नाही. आधी ती पुढच्याला द्यायची, मग स्वतः बघायचं. "कुठे, कुठे?" करत मागे वळणाऱ्याला परतीच्या वाटेवर सगळ्यांच्या पाण्याच्या बाटल्या उचलाव्या लागत. पहिल्या वर्षी मी भरपूर उचलल्या. नंतर ते इतकं अंगात मुरलं की कॉलेजात रांगेत उभी असताना मागून कुणाचा हात लागला, तरी मी पुढच्याच्या खांद्यावर टकटक करून मोकळी! शिव्या खाल्ल्यात त्यापायी.

ओढ्यावर पोचलं की डबा उघडायचा. सरांच्या बायकोने, म्हणजे आमच्या काकूंनी केलेली थालीपिठं, लोणी आणि लसणाची चटणी. काय दिवस होते हो ते... आजही त्या रविवारांची आठवण निघाली की मला पक्ष्यांआधी ती थालीपिठं आठवतात. काकू स्वतः मात्र एकदाही आल्या नाहीत. "पुढच्या रविवारी तुला नेतो," असं सर म्हणायचे. पुढच्या रविवारी कुणी पाहुणे यायचे, कुणाचं दुखणं निघायचं, आणि आमचे डबे तर असायचेच.

सर जाऊन आता बरीच वर्षं झाली. गेल्या हिवाळ्यात काकूंचा अचानक फोन आला. मुलगा त्यांना कायमचा पुण्याला नेणार होता. डोळ्यांच्या पडद्याचा आजार — समोरचं पुसट, कडेचं तेवढं थोडंफार दिसतं. तेही फार दिवस राहणार नाही, असं डॉक्टरांनी सांगितलेलं.

"जायच्या आधी मला तो लांब शेपटीवाला पक्षी बघायचाय," काकू म्हणाल्या. "यांच्या तोंडून आयुष्यभर नुसतं ऐकलं गं. नेशील का?"

तो म्हणजे स्वर्गीय नर्तक. पांढराशुभ्र नर, काळंभोर डोकं, आणि मागे अंगाच्या दुप्पट लांब, रिबिनीसारखी शेपटी. हिवाळ्यात आमच्या ओढ्यावर हमखास दिसायचा. पण आता तिकडे फार्महाऊस झालीयत, शनिवार-रविवार स्पीकर वाजत असतात. दिसेल याची मला मुळीच खात्री नव्हती, आणि पुन्हा येऊ म्हणायची सोय नव्हती. तरी हो म्हणाले.

मुद्दाम मधला वार धरला. उजाडल्यावर कर्जतहून रिक्षाने धरणापर्यंत गेलो. काकूंचा हात धरायला त्यांनी हिराबाईला बोलावून घेतलं होतं. ही जवळच्याच वाडीवरची. पूर्वी पावसाळ्यात काकूंच्या दारी शेवळं, टाकळा असल्या रानभाज्या घेऊन यायची, तेव्हापासूनची ओळख. हिराबाईला हा सगळा प्रकार फारच गमतीचा वाटत होता.

"पाखरू बगाया येवड्या लांब आलाव? आमच्या कौलावं बसत्यात की ढीगभर."

"तुझ्या कौलावर चिमण्या बसतात, हिरा. मला राजा बघायचाय."

"बगा बाय. पर पायाखाली बी बगा, हितं दगुड हाय."

हिराबाई पुढे, तिचा हात धरून काकू, आणि शेवटी मी. हळूहळू चाललो. बराच वेळ नुसते धोबी, बुलबुल असले नेहमीचेच पक्षी. काकूंचा गुडघा दुखायला लागला होता, मधूनमधून थांबत होत्या. शेवटी म्हणाल्या, "चल गं, फिरू या मागे. काही गोष्टी नसतात नशिबात." इतक्या शांतपणे म्हणाल्या! या बाईने आम्हाला इतकी वर्षं खाऊ घातलं, आणि मी तिला एक पक्षी दाखवू शकत नाही.

तेवढ्यात उजवीकडे टकाचोर पक्षी ओरडायला लागला. मी दुर्बीण तिकडे रोखली, काहीतरी हललं असेल तर बघावं म्हणून. आणि माझ्या डाव्या खांद्यावर टकटक झाली. दोन बोटं, दोनदा.

मी वळले नाही. विचारही केला नाही. सवयीने हात पुढे गेला आणि काकूंच्या डाव्या खांद्यावर दोनदा टकटक केली. बोटं त्यांच्या शालीला लागली, तेव्हा कुठे डोक्यात उजेड पडला — अगं, शेवटी तर तूच आहेस!

काकूंनी मात्र मान वर केली होती. चेहरा थोडा तिरका, कारण त्यांना कडेनेच दिसतं. डावीकडच्या उंबराच्या फांदीवर तो बसला होता. पांढराशुभ्र. मग फांदी सोडून तो हवेत वळला, शेपटी त्याच्यामागून सावकाश लहरत गेली, आणि तो आणखी जवळच्या फांदीवर येऊन बसला. काकूंनी हात तोंडावर घेतला.

"आगं बया," हिराबाई कुजबुजली, "ह्यो हाय व्हय तो!"

तेव्हा मी मागे वळून बघितलं. वाट रिकामी. सागाची वाळलेली पानं पसरलेली, त्यांच्यावरून मांजर गेलं तरी आवाज होईल अशी. आवाज मुळीच झाला नव्हता.

परत येऊन धरणाच्या बांधावर बसलो. काकूंनी डबा आणला होता — तेव्हासारखीच थालीपिठं. मी विचारलं, "काकू, वर डावीकडे बघायचं हे तुम्हाला कसं कळलं?"

"न कळायला काय झालं? हे घरात तेच करायचे की. मी पोळ्या लाटत असायची, हे मागून येऊन खांद्यावर टकटक. मी बघायची, तर खिडकीबाहेर सुभग नाहीतर शिंजीर." मग थांबल्या. "तुला कुणी केलं?"

खोटं बोलता आलं नाही. सांगून टाकलं. वाटलं, आता रडतील. पण काकू भडकल्याच.

"म्हणजे हे आले होते? आणि मागे काय करत होते? बायको पहिल्यांदा आलीय, पुढे येऊन हात धरायचा की नाही!" आणि मग रडल्या. हिराबाई त्यांच्या पाठीवरून हात फिरवत राहिली.

तुम्ही जे म्हणाल ते सगळं मी स्वतःलाच म्हणून बघितलंय. स्नायू फडफडला असेल, पान पडलं असेल, जुन्या जागी जुनी सवय जागी झाली असेल. पुढच्या आठवड्यात एकटी जाऊन बघून आले. तिथे डोक्यावर लोंबणारी एकही फांदी नाही. बरं, माझ्याच मनाचा खेळ म्हणावा, तर मी तेव्हा उजवीकडे बघत होते. डावीकडे, वर, पक्षी आहे हे माझ्या मनाला तरी कसं ठाऊक?

काकू आता पुण्यात असतात. परवा फोनवर म्हणाल्या, सुनेचा चेहराही आता दिसेनासा झालाय. "पण डोळे मिटले ना की ती शेपटी अजून दिसते गं, अगदी स्पष्ट." आणि मग हळूच म्हणाल्या, "बरं झालं, त्या दिवशी तू दाखवलास."

मी हो म्हणाले. पण तो मी दाखवला नव्हता. कुणी दाखवला, ते मला आजही सांगता येत नाही.