गव्हर्नेसने बदललेल्या चार ओळी

नेदरलँड्समधल्या फोरबर्गला राहायला आल्यावर पहिली दोन वर्षं कागदोपत्री माझी ओळख एकच होती, नवऱ्यावर अवलंबून असलेली बायको. पुण्यात मी कॉलेजात इंग्रजी शिकवत होते. इथे डच येत नाही म्हणून कुणी दारात उभं करेना. शेवटी खेमेन्टेच्या, म्हणजे नगरपालिकेच्या, खिडकीवरच्या बाईंनी सुचवलं की कुठेतरी स्वयंसेवक म्हणून जा, बोलून बोलून भाषा येईल. म्हणून मी दर मंगळवारी ट्रामने दोन स्टॉपवरच्या एका छोट्या संग्रहालयात जायला लागले.

तिथले क्युरेटर शाळेतून निवृत्त झालेले वाङ्मयाचे शिक्षक होते. माणूस सभ्य, आवाज कधी चढवायचे नाहीत. मला जुनं इंग्रजी हस्ताक्षर वाचता येतं हे कळल्यावर त्यांनी एक जाड वही माझ्यापुढे ठेवली. व्हिक्टोरिया राणीच्या काळात इथल्या एका श्रीमंत डच घरात मुलांना शिकवायला इंग्रज गव्हर्नेस होती, तिची ती वही. तिला आवडलेल्या कविता तिने त्यात उतरवून घेतल्या होत्या, मासिकांतली कात्रणं चिकटवली होती.

"फक्त टाइप करून द्या," ते म्हणाले. "वसंतात प्रदर्शन आहे. त्या काळच्या बायका कविता वाचून कशा रडायच्या, ते दाखवायचंय."

मी टाइप करायला बसले. पहिले दोन मंगळवार खरंच फक्त टाइप केलं. तिसऱ्या मंगळवारी एका पानावर थांबले. एका बाळाच्या मृत्यूवरची कविता होती. कवीने बाळ झोपलेल्या देवदूतासारखं दिसत होतं असं लिहिलेलं, आणि बाजूला समासात गव्हर्नेसचं बारीक अक्षर: या घरातल्या दोन मुलांना मी अखेरचे कपडे घातले, त्यांतलं एकही असं दिसत नव्हतं.

मी ते वाक्य दोनदा वाचलं आणि उठून खिडकीशी जाऊन उभी राहिले.

त्यानंतर मी वही वेगळ्या नजरेने चाळायला लागले. एका समीक्षकाचं कात्रण तिने चिकटवलं होतं. एका कवीचं काव्य दुर्बोध आहे, असं तो त्यात म्हणत होता. खाली तिने लिहिलं होतं, मला तिसऱ्या वाचनात कळलं, त्यांनीही तिसऱ्यांदा वाचून पाहावं. एक छोटी कविता मात्र तिने चार वेगवेगळ्या ठिकाणी, चार वेगळ्या शाईंत, मध्ये बरीच वर्षं जाऊ देऊन पुन्हा पुन्हा उतरवली होती, आणि तिच्याबद्दल कुठेही एक अक्षर लिहिलं नव्हतं. ती तिला इतकी जवळची असावी.

आणि मग ती कविता आली. बायकोच्या कबरीपाशी उभा असलेला नवरा. आपली बायको किती गुणाची, जन्मभर कशी एका शब्दाने तक्रार केली नाही, याचं तो कौतुक करतो. शेवटच्या चार ओळींत ती स्वर्गात सुखी आहे असं तोच जाहीर करतो. त्या चार ओळी गव्हर्नेसने आधी नीट उतरवल्या होत्या. मग त्यांवर एक सरळ रेघ मारली होती, आणि खाली त्याच वृत्तात, यमकं सांभाळून, स्वतःच्या चार ओळी लिहिल्या होत्या. त्यांत बायको बोलते. मी गप्प होते, कारण तू कधी विचारलंच नाहीस, असं म्हणते.

मी धावतच क्युरेटरांकडे गेले. त्यांनी चष्मा वर करून पान बघितलं आणि "छान," म्हणाले. मला वाटलं त्यांना कळलं.

प्रदर्शनाच्या आदल्या आठवड्यात छापलेले फलक आले. वहीच्या फलकावर लिहिलं होतं: एका भावुक वाचिकेची वही. त्या काळातल्या स्त्रिया कवितांवर अश्रू ढाळत आणि त्या उतरवून घेत, पुष्कळदा चुका करत.

माझे कान तापले.

"यातली चूक कुठली?" मी विचारलं.

"मूळ कवितेशी जुळत नाहीत अशा जागांवर टाइप करताना तुम्हीच खुणा करून दिल्यात ना. बिचारीने आठवणीतून लिहिलं असणार."

"आठवणीतून लिहिताना माणूस शब्द विसरतो. वृत्तात बसणाऱ्या चार नव्या ओळी रचत नाही."

"गव्हर्नेस होती हो ती," ते शांतपणे म्हणाले. "तिला समीक्षक करून कसं चालेल? तुमचा जीव जडलाय तिच्यावर, चांगलं आहे. आणि टाइप फार सुबक केलंय तुम्ही."

ते शेवटचं वाक्य मला सर्वांत जास्त लागलं. तीन महिने मी ती वही वाचत होते, आणि यांच्या लेखी माझी बोटं तेवढी काम करत होती.

घरी आल्यावर नवऱ्याला सगळं सांगितलं. तो आइंडहोव्हनला चिप बनवायच्या यंत्रांवर काम करतो, रोज लांबून थकून येतो. "अगं, एक लेबल तर आहे," तो म्हणाला. मी त्याच्यावरही चिडले. जेवण झाल्यावर तो स्वतःच म्हणाला, "फोटो असतील तर दाखव." मी फोनवरची पानं दाखवली. त्याने बराच वेळ बघितलं.

"आधी मूळ ओळी बरोबर लिहिल्यात. मग खोडल्यात. मग नव्या लिहिल्यात. आमच्याकडे याला सुधारित आवृत्ती म्हणतात. चूक कोण म्हणेल?"

"हेच मी त्यांना सांगत होते."

"मग सांगू नकोस. शेजारी शेजारी ठेवून दाखव."

पुढच्या मंगळवारी कॉफीच्या वेळी सगळे स्वयंसेवक टेबलाभोवती बसलेले असताना मी तीन रकान्यांचा कागद सगळ्यांपुढे ठेवला: छापील ओळी, खोडलेल्या ओळी, तिच्या ओळी. माझ्या मोडक्या डचमध्ये मी म्हणाले की तुमच्या फलकावर या बाईबद्दल खोटं लिहिलंय. 'खोटं' ऐवजी सौम्य शब्द मला येत नव्हता, आणि येत असता तरी मी वापरला नसता. मग तिच्या चार ओळी वाचून दाखवल्या. कॉफी करणाऱ्या वयस्कर बाईंनी हातातला कप खाली ठेवला. "परत वाच," त्या म्हणाल्या. मी परत वाचल्या.

क्युरेटरांचे गाल लाल झाले होते. फलक छापून झालेत, आता काही बदलता येणार नाही, असं ते म्हणाले. वाद बराच चालला. शेवटी इतकंच ठरलं की काचेखाली वही त्या पानावर उघडी ठेवायची. त्यांनी आधी सुकलेलं फूल चिकटवलेलं पान निवडलं होतं.

प्रदर्शन सहा आठवडे चाललं. 'चुका करत' हे शब्द सहाही आठवडे भिंतीवर होते. लोक आधी फलक वाचायचे, मग काचेवर वाकायचे. काहीजण पुन्हा मान वर करून फलकाकडे बघायचे. बरेचसे तसेच पुढे जायचे.

प्रदर्शन संपल्यावर फलक टाकून दिला आणि वही खोक्यात परत गेली. खोक्यावरची नोंद लिहायचं काम माझ्याकडे आलं. मी लिहिलं: एका चोखंदळ वाचिकेची वही. समासात कवितांवरचे अभिप्राय. एका कवितेचा शेवट वाचिकेने नापसंत करून स्वतः नव्याने रचला आहे. पान क्रमांकही दिले. क्युरेटरांपुढे कागद ठेवला, त्यांनी दुसऱ्या कुणाशी बोलता बोलता खाली सही केली.

त्यांनी ते वाचलं नव्हतं. नोंद मला हवी तशी झाली होती, तरी ट्राममध्ये बसल्यावर माझ्या लक्षात आलं की माझा राग तिळभरही कमी झालेला नाही.